न आलेल्यांची मतं

तीस वर्षं मी फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ मारली. डावीकडे ‘संसदीय पद्धती’, उजवीकडे ‘अध्यक्षीय पद्धती’. डावीकडे लिहायचं, कार्यकारी मंडळ कायदेमंडळाला जबाबदार. उजवीकडे, कार्यप्रमुख थेट जनतेने निवडलेला. सहा फरक, सहा गुण. अकोल्याच्या किती मुलामुलींनी ते सहा फरक माझ्याकडून घोकले असतील, कोण जाणे. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटले बाई. पण गेल्या फेब्रुवारीत सातारा-सांगलीकडे चार दिवस जाऊन आले आणि त्याच रेघेत पाय अडकून चांगली तोंडावर आपटले.

झालं असं, की माझी एक जुनी विद्यार्थिनी आता पुण्यात प्राध्यापक आहे. तिच्याकडे रोमानियाहून मिरेला नावाच्या बाई आल्या होत्या. वय पंचेचाळिशीच्या आतबाहेर, विषय राज्यघटना. साम्यवादी राजवट कोसळल्यावर त्यांच्या देशाने नवी घटना लिहिली, तिच्यात राष्ट्राध्यक्षाला किती आणि संसदेला किती अधिकार, यावर त्या शिकवतात. थेट निवडलेले सरपंच असलेली आपली गावं त्यांना पाहायची होती. सोबत दुभाष्या हवा होता. “मॅडम, तुमचं इंग्रजी चांगलं आहे आणि आता तुम्हाला वेळही आहे,” विद्यार्थिनी म्हणाली. दुसरं वाक्य मला झोंबलं, पण खोटं नव्हतं. मी बॅग भरली.

खंडाळा ते सातारा

पुण्यातली गाडी साताऱ्याच्या वाटेवरच्या खंडाळ्यापर्यंत आली आणि तिथे हणमंतराव आम्हाला मिळाले. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त, आता स्वतःची गाडी चालवतात. आम्ही दहा मिनिटं उशिरा पोचलो होतो. त्यांनी घड्याळ पाहिलं, मिरेलाला सॅल्यूट ठोकला आणि मला म्हणाले, “म्याडम, उद्यापास्नं सातला म्हंजे सातला.” माझ्या नवऱ्याने सुद्धा मला कधी असं सुनावलं नव्हतं.

साताऱ्यात त्यांनी आम्हाला आधी कंदी पेढे खायला घातले आणि मगच बोलू दिलं. मिरेलाने विचारलं, तुमच्याकडे सरपंच कोण निवडतं? मला वाटलं हे उत्तर आपलं. मी घसा साफ करतेय तोवर हणमंतराव बोलून मोकळे.

“आदी मेंबरं निवडायची. मग कायदा बदलला, जनतेनं निवडायचा. मग परत मेंबरांनी. मग परत जनतेनं. आमच्या गावातली म्हातारी इचारती, आवंदा कुणाचा नंबर?”

मी भाषांतर केलं. मिरेलाने पेढा तसाच हातात धरला आणि हसू लागली. त्यांच्या शेजारच्या एका देशात राष्ट्राध्यक्षाचं अगदी असंच झालंय म्हणे, कधी जनतेने, कधी संसदेने, पुन्हा जनतेने. “आम्ही लोक एका माणसाच्या हाती सगळी सत्ता गेलेली पाहून आलो,” ती म्हणाली. “म्हणून घटना लिहिताना घाबरून दोन धनी केले. राष्ट्राध्यक्ष लोकांचा, पंतप्रधान संसदेचा. मग दोघं भांडायला लागले.”

“म्हंजे सरपंच जनतेचा आन् मेंबरं दुसऱ्या पार्टीची,” हणमंतराव म्हणाले. “आमच्यात गावोगाव हाय हे.”

माझ्या सहा फरकांत हा माणूस कुठे बसवावा ते मला कळेना.

कऱ्हाड

दुसऱ्या दिवशी सातला म्हणजे सातला निघालो. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि मग एकीने वळतात. मिरेला तिथे बराच वेळ उभी राहिली. आमच्या अकोल्याच्या मोर्णेचं जेमतेम पाणी पाहून वाढलेल्या मला एवढ्या पाण्याचा थोडा हेवाच वाटला.

गावाबाहेर उसाची तोड संपत आलेली. तुटलेल्या एका फडात मेंढ्यांचा कळप बसला होता. जाळीचं कुंपण, दोन घोडी, चार कुत्री, तीन दगडांच्या चुली. मिरेला ओरडलीच, गाडी थांबवा! तिचे आजोबा मेंढपाळ होते. डोंगरावरून सखल भागात कळप घेऊन उतरायचे, सहा सहा महिने घरी नसायचे.

कळपाचे कारभारी म्हाळू आबा. सत्तरी गाठलेली, आवाज खणखणीत. सांगलीच्या पूर्वेला आटपाडीच्या बाजूचं त्यांचं गाव. पाऊस संपला की मेंढरं घेऊन इकडे उसाच्या मुलखात यायचं, शेतकऱ्याच्या रानात रात्री कळप बसवायचा, त्याला खत मिळतं, यांना धान्य. ज्येष्ठ लागताना परत. आम्ही उद्या त्याच बाजूला जाणार म्हटल्यावर आबांनी विचारलं, “कुनाकडं?”

विद्यार्थिनीने लिहून दिलेलं नाव मी वाचलं. शालन, सरपंच.

“आवं, ती माजी सूनच की!”

मग चूल पेटली. भाकरी, खर्डा, मेंढीच्या दुधाचा चहा. आम्ही ज्याला ठेचा म्हणतो त्याला हे लोक खर्डा म्हणतात, आणि आमच्या वऱ्हाडी ठेच्यापेक्षा तो जहाल नाही, असं मी मनात म्हटलं आणि पाणी मागितलं. मिरेलाने मात्र दोन भाकऱ्या खाल्ल्या. आजोबांकडे मक्याचं घट्ट पीठ शिजवून त्यावर मेंढीचं चीज घालायचे, ते तिला आठवत होतं. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. आबांच्या बायकोने काही न विचारता तिच्या ताटात तिसरी भाकरी टाकली.

जेवताना खरी गोष्ट कळली. शालन थेट जनतेतून निवडून आलेली, मेंढपाळांच्या वस्तीवरची पहिली सरपंच. सदस्य बहुतेक विरोधी पॅनेलचे. त्यांनी तिच्यावर अविश्वास ठराव आणला आणि तीन-चतुर्थांशांच्या जोरावर मंजूरही केला. पण ती जनतेतून आलेली, त्यामुळे ठराव ग्रामसभेपुढे जाणार. गावाने गुप्त मतदान करून होय म्हटलं तरच ती जाणार. मतदान परवा. आणि तिला मत देणारी निम्मी वस्ती मेंढरांमागे, कुणी कऱ्हाडला, कुणी पाटणला, कुणी वाईकडे.

“जायाचं हाय,” आबा म्हणाले. “पर ह्या रानाच्या मालकाला अजून तीन रातींचा सबूद दिलाय. मेंढरं टाकून कसं जावं?”

मिरेलाने एकदम कान टवकारले. ती म्हणाली, आमच्याकडे अगदी हेच झालं. संसदेने राष्ट्राध्यक्षाला निलंबित केलं आणि मग जनतेला विचारलं. दोनदा. पहिल्यांदा लोक म्हणाले, राहू द्या. दुसऱ्यांदा मत देणारे बहुतेक म्हणाले, जाऊ द्या.

मी शब्दाला शब्द भाषांतर करत होते. वर्गात शिकवावं तसा आवाज लागला होता माझा.

“मग गेला त्यो?” आबांनी विचारलं.

नाही, मिरेला म्हणाली. निम्म्याहून जास्त लोक मतदानाला आलेच नाहीत. निम्मे आले नाहीत तर मतदान धरत नाहीत. म्हणून तो राहिला.

आबांनी हातातली भाकरी खाली ठेवली. “म्हंजे लोक घरात बसलं, म्हून वाचला?”

“हो,” मी म्हटलं.

आबांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग त्यांचा चेहरा उजळला. मला वाटलं, गोष्ट आवडली. मी स्वतःवर खूश होऊन पाण्याचा आणखी एक तांब्या मागितला.

तासगावमार्गे

तिसरा दिवस द्राक्षांचा. तासगावच्या बाजूला बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं वाळत होती, हिरव्यापासून सोनेरीपर्यंत सगळ्या रंगांची. मिरेलाच्या आईची द्राक्षबाग आहे, पण तिथे सगळी द्राक्षं वाइनसाठी. द्राक्षं वाळवतात हे पाहून तिला हळहळ वाटली, आणि द्राक्षांची दारू करतात हे ऐकून शेडमधल्या बाईंना वाटली. दोघींनी एकमेकींची मनापासून कीव केली. मी दोन्ही बाजूंनी भाषांतर करत अर्धा किलो बेदाणे फस्त केले.

विट्याच्या पुढे ऊस संपला, झाडं विरळ झाली. दुपारी गावात पोचलो. आधी उपसरपंच भेटले. ठरावामागचे मुख्य ते, सगळे त्यांना तात्या म्हणतात. मनात मी त्यांना आधीच खलनायक करून टाकलं होतं. पण माणूस सरळ निघाला.

“पाण्याची टाकी गावठाणात बांधायची असा आमी ठराव केला. तिनं सही केली न्हाई. परस्पर तालुक्याला जाऊन टाकी वस्तीवर मंजूर करून आणली. मला सांगा म्याडम, आमी निवडून आलोय का न्हाई? मग आमच्या ठरावाला काय किंमत?”

परीक्षेत मी याला पूर्ण गुण दिले असते.

शालन वस्तीवर राहते. तिशीतली, उभी राहायची पद्धत ताठ, हसणं मोकळं. तिचंही उत्तर तयार होतं. “ताई, गावठाणात नळ हाय. वस्तीवरच्या बाया दोन मैलावनं पाणी आणत्यात. मला अख्ख्या गावानं निवडलंय, सात मेंबरांनी न्हाई. ठराव डावलला, ती चूक म्हना. पर मी काय घरी न्हेली का टाकी?”

मिरेला वहीत लिहीत होती आणि मधूनच मान हलवत होती. दोघंही खरे आहेत, ती मला म्हणाली, हाच तर सगळा त्रास आहे.

शालन निवांत होती. वस्तीची माणसं उद्या सकाळी येणार, मग काळजी नाही. जावेसोबत ती पीठ मळायला बसली. उन्हातून येतील, भुकेले असतील. बाजरीच्या भाकऱ्यांची चळत गुडघ्याला लागेल एवढी झाली होती.

रात्री फोन आला. कळपातून तिच्या सासूचा. शालनने ऐकलं, मग हळूच विचारलं, “कुणी सांगितलं?” आणि माझ्याकडे पाहिलं.

मग ती सासूला काहीतरी समजावत राहिली. फोन ठेवून ती म्हणाली, “मामांनी सगळ्यास्नी कळवलंय, कुणी जायाचं न्हाई. लोक आलं न्हाईत तर ठराव पडतो. त्या परदेशातल्या बाईंनी सांगितलंय, त्यांचं तेच काम हाय.”

ती अट रोमानियाची. आपल्याकडे जे ग्रामसभेत येतात त्यांच्यातलं बहुमत. न आलेला माणूस धरतच नाहीत. हे मला माहीत होतं. तीस वर्षं शिकवलेली बाई मी, आणि भाषांतराच्या भरात एक वाक्य पुढे जोडायला विसरले.

“अहो, मग सांगा ना त्यांना!” मी म्हटलं.

शालनने पदर सावरला. “मी मामांसंगं बोलत न्हाई, ताई. आमच्यात सून सासऱ्याला उलटं सांगत न्हाई. आत्तीला सांगितलं. आत्ती म्हणाली, त्यांनी एकदा ठरीवलं म्हंजे ठरीवलं.”

जी बाई सात सदस्यांपुढे हटली नव्हती, ती सासऱ्यापुढे फोनवरसुद्धा तोंड उघडणार नव्हती. मी स्वतः फोन लावला. बंद. रानात वीज नाही, फोन मालकाच्या घरी चार्जिंगला जातो. तिचा नवराही त्याच कळपात, त्याच एका फोनवर. पाटण आणि वाईच्या कळपांचे फोनही लागेनात.

मिरेलाला सांगितलं तेव्हा ती पांढरीफटक पडली. आम्ही पाहायला आलो होतो, ती म्हणाली, हात घालायला नाही. मी म्हटलं, हात घालून झालाय, आता निदान नीट करू.

परत कऱ्हाड, आणि पुन्हा गाव

उजाडायच्या वेळेला हणमंतराव गाडी पुसून उभे होते. एक शब्द बोलले नाहीत. मिरेला गावातच थांबली आणि आम्ही दोघं निघालो. मी रस्ताभर वाक्यं जुळवत होते. तहसीलदारांपुढे सुद्धा माझी कधी अशी तारांबळ उडाली नव्हती.

आबा मेंढरं बाहेर काढत होते. मी सगळं सांगितलं. ती त्यांची रीत, आपली वेगळी. चूक माझी, त्या बाईंची नाही. आबांनी ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

“मी दुसऱ्या दोन कळपांस्नी बी सांगितलं,” ते एवढंच म्हणाले. “पाटनला आन् वाईला. त्यास्नी आता कसं आणू?”

मी म्हटलं, आमच्या गाडीत बसा, जेवढे मावतील तेवढे. हणमंतराव पुढे झाले. “न्हाई म्याडम. पाव्हण्यांच्या गाडीतनं मतदार नको. उद्या इरोधक त्येच्यावरच बोट दावतील आन् पोरीला भोगायला लागंल.” मग ते सरळ रानाच्या मालकाच्या घरी गेले. काय बोलले माहीत नाही. दहा मिनिटांत मालक स्वतः पिकअप घेऊन आला आणि आबांना म्हणाला, “तीन रातींचं राहू द्या वो. आदी मत टाकून या.”

आबांनी बायका, मुलगा, सगळ्यांना गाडीत बसवलं. स्वतः चढले नाहीत.

“आबा, तुम्ही?”

“कुणीतरी मेंढरं राखाया पायजे. सबूद दिलाय. माजं एक मत गेलं तर गेलं.”

पिकअप पुढे, आम्ही मागे. विट्याच्या पुढे पिकअपचं चाक पंक्चर झालं. हणमंतरावांनी आपला जॅक काढला आणि उन्हात आडवे पडून त्यांनी आणि मालकाने चाक बदललं. बायका रस्त्याच्या कडेला शांत बसून राहिल्या. तिथे माझ्याइतकं घड्याळाकडे कुणी पाहत नव्हतं.

शाळेच्या पटांगणात पोचलो तेव्हा रांग चालू होती. तहसीलहून आलेले अधिकारी सज्जन होते, वेळ संपायच्या आत रांगेत उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला त्यांनी आत सोडलं. तात्याही पुढे आले आणि थकलेल्या म्हाताऱ्यांना सावलीत खुर्च्या द्यायला लावल्या. ती मतं आपल्या विरोधात पडणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या माणसाबद्दल मला तेव्हा खरोखर आदर वाटला.

संध्याकाळच्या आत मोजणी झाली. ठराव नऊ मतांनी मंजूर झाला. शालन सरपंच राहिली नाही.

पाटण आणि वाईच्या कळपांत मिळून नऊपेक्षा कितीतरी जास्त माणसं होती. हे कुणी बोललं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

मी शालनसमोर गेले आणि मला रडू फुटलं. साठी उलटलेली बाई चारचौघांत रडतेय, शोभतं का, पण आवरेना. तिने माझा हात धरून बसवलं आणि मिरेलाकडे पाहून म्हणाली, “त्या बाईस्नी सांगा. त्यांच्यात न आलेल्याला पन मोजत्यात, हे लय बरं हाय. आमच्यात जो रानात असतो त्यो नसल्यावानीच.”

मी भाषांतर केलं. या वेळी एकही शब्द गाळला नाही. मिरेलाने वही मिटली. मग हळू आवाजात म्हणाली, आमच्याकडेही लाखो माणसं दुसऱ्यांच्या देशात पिकं कापायला गेलीत, आम्हीही त्यांना नुसतं मोजतो, विचारत नाही. शालनने ते माझ्याकडून ऐकलं, मान डोलावली आणि भाकऱ्यांची ती चळत बाहेर आणली. कऱ्हाडहून आलेल्या सगळ्यांना तिने स्वतः वाढलं. भाकऱ्या अर्ध्याहून जास्त उरल्या.

अकोला

घरी येऊन मी जुनी वही काढली. मधोमध उभी रेघ, सहा फरक. सातवा लिहावासा वाटला, पण कुठल्या बाजूला लिहायचा ते ठरेना.

पंधरा दिवसांनी एका अनोळखी नंबरावरून फोन आला. मागे मेंढरांचा आवाज.

“बाई, मी म्हाळू. सरपंचाची जागा रिकामी हाय. परत मतदान लागंल म्हनत्यात.”

“लागेल, आबा.”

“मग या बारीला मी मेंढरंच घिऊन जातो गावाला. सगळी. म्हंजे राखाया कुणी मागं ऱ्हायला नको. वाटंला आठ दिस लागत्यात. पाटनवाल्यांस्नी दहा, वाईवाल्यांस्नी अकरा. तारीख कळली की मला आदी फोन करा.”

एवढ्या सगळ्यानंतर हा माणूस पुन्हा मलाच विचारत होता.

“करते, आबा. नक्की करते.”

“करा,” आबा म्हणाले. “पर या बारीला नीट इचारून सांगा.”